बोलता बोलता माहं थांबते

माहं नाव मी लिहीत नाई. आमच्या गल्लीत सगळ्याइले अजून वाटते का मले टायफाइड झाला होता. सासूबाईनंच तसं सांगतलं होतं, अन् आता ते खोटं पाडाची माही हिंमत नाई. दवाखान्यातल्या ताई म्हणे का तू लिही, इथं तुह्यासारख्या लय बाया येतात अन् भिंतीकडं तोंड करून बसतात, त्याइले वाचून दाखवू. म्हणून लिहून राहिली. मी नववी नापास हाय. जसं बोलते तसंच लिहीन, मधात कुठं थांबलं तं थांबलं.

किराणा दुकानात

मी अमरावतीची. बाप नाई, माय एका मेसवर पोळ्या लाटते, क्लासवाल्या पोराइची मेस. लहानपणी मी एवढी बोले का माय लाटणं दाखवे अन् म्हणे, "आता तोंड बंद कर, नाईतं पोईसोबत तुले बी तव्यावर टाकीन." शाळेत पाठ झालं नाई काही, पण बोलणं खंडीभर. मग लग्न झालं, अकोल्याले आली. आमचे हे दालमिलवर कामाले हायेत. घरात हे, सासूबाई अन् मी. मग गुड्डी झाली.

गुड्डी पालथी पडाले लागली होती तवाची गोष्ट. मी किराणा दुकानात गेली अन् म्हटलं, "भाऊ, अर्धा किलो," अन् थांबली. पुढं काहीच नाई. तुमी म्हणसान, इसरली असशील. इसरणं वेगळं व बाई. इसरलं का माणूस आठवते, डोकं खाजवते, 'अरे काय होतं ते' म्हणते. इथं आठवाले काही राह्यलंच नाई. जेवता जेवता कोणं ताटातली भाकर उचलून नेली, ताट बी नेलं, अन् भूक बी नेली, तसं. मी कुठं उभी हाय, काहून आली, सामनेचा माणूस तोंड हलवून राहिला ते काहून, काही नाई. मी त्याच्याकडं पाहत राह्यली.

"बोला ना वहिनी, अर्धा किलो काय?"

मागून एकजण म्हणे, "देऊन टाक बापा अर्धा किलो काहीही. वहिनी घरी जाऊन पाह्यतील."

सगळे हासले. मग मले साखर आठवली, पण मी मागतली नाई, पदर घेऊन घरी आली. सासूबाईले म्हटलं दुकान बंद होतं. अन् घरी येऊन म्या काय केलं, तं रिकामी पिशवी धुऊन वाळू घातली. काहून धुतली मले आजबी सांगता येत नाई. एवढी लाज वाटत होती का काहीतरी धुवाच लागत होतं.

गुणाची सून

मग ते वाढत गेलं. बोलता बोलता थांबे. कधी मनातल्या मनात बी थांबे, कणीक भिजवता भिजवता हात तसाच राहे. मग म्या एक उपाय काढला. बोलाचंच नाई. बोललीच नाई तं थांबन कुठून? कोणी आलं का डोक्यावर पदर, मान खाली, चहा ठेवला का आतमधी.

अन् आमच्याकडं काय हाय, सुनेनं असंच राहावं असं लोकाइले वाटते. मोठ्यायच्या सामने बोलू नये, मान खाली पाह्यजे. म्हणून माहा आजार घरात कोणाले दिसलाच नाई. उलट कौतुक झालं! शेजारच्या सुनंदाकाकू येत, तं सासूबाई त्याइले माह्या सामनेच म्हणत, "माही सून पाहा. तोंडातून शबुद काढत नाई. अमरावतीची असून!"

सुनंदाकाकू म्हणत, "नशीब हाय व तुमचं. माही आली का रेडिओ सुरू होते, रात्री बी बंद होत नाई."

दोघी हासत. मी आतमधी ओट्याले धरून उभी राहो. मले वाटे, ओरडून सांगाव का मी गुणाची नाई, माह्या डोक्यात काहीतरी होऊन राह्यलं. पण ते वाक्य अर्ध्यात थांबलं तं? या भेवानंच गप्प राहो. शाबासकी भेटत होती ते एक, अन् आतमधी मी सडून राह्यली होती ते एक.

आता पुढचं लिहाची मले भल्ली लाज वाटते. ताई म्हणे, हेच लिही.

सासूबाईची एक सवय होती. समोरचा बोलता बोलता अटकला का त्याचं वाक्य त्याच पुरं करत. माणूस म्हणे "मी उद्या," का त्या म्हणत "बजारात जातो, बरं जाय." ह्याइचं बी, सुनंदाकाकूचं बी, टीवीतल्या बाईचं बी. मी थांबली का त्या भरून देत. मी म्हणो "आई, आज भाजी," अन् त्या म्हणत, "वांग्याची कर." तं होता होता माह्या डोक्यात असं बसलं का त्याच माहे शब्द काढून नेतात. माह्या डोक्यातून काढतात अन् आपल्या तोंडातून बोलतात. नाईतं माहं वाक्य त्याइले कसं माहीत? मले ते पक्कं वाटे. जसं हे भिंत हाय म्हणून आपल्याले पक्कं माहीत राह्यते, तसं. मग मी त्याइच्या सामने बसणं सोडलं. त्या स्वयंपाकघरात आल्या का मी न्हाणीत जाओ. त्याइच्या हातचा चहा सांडून देओ. ज्या बाईनं माह्या बाळंतपणात शेक देल्ला, डिंकाचे लाडू केले, तिले मी चोर समजो. अन् तिले काही माहीतच नाई. ती गल्लीभर सांगून राहिली का सून देवावानी हाय.

गोळी

सासूबाईले शुगर हाय. त्याइची गोळ्याइची पट्टी बाजेवर उशीजवळ पडून राहे. त्या दिवशी सकाळी त्या आपली गोळी खाऊन अंगणात गेल्या. गुड्डी तवा धरून धरून चालत होती. मी पाह्यलं तं तिच्या तोंडात काहीतरी पांढरं. बोट घातलं, अर्धा तुकडा निघाला, बाकीची तिनं चावली होती. मी ओरडली. सासूबाई धावत दारात आल्या.

"काय झालं व? काहून वरडली?"

"आई, गुड्डीनं तुमची..."

अन् गेलं.

"माही काय? साडी भरवली?" त्या बाजेवरची साडी पाहून म्हणे, ते खरंच ओली होती. "जाऊ दे, लेकरू हाय. धुऊन टाक. मी म्हटलं काय झालं एवढं बापा."

मी साडी उचलली अन् धुवाले गेली. बायाइनो, मले समजून घ्या का घेऊ नका, पण असंच झालं. त्याइनं साडी म्हटलं अन् माह्या डोक्यात साडीच राह्यली. तो तुकडा माह्या हातातून कुठं पडला मले माहीत नाई. मी साबण लावून राहिली होती अन् माही पोरगी आतमधी बसून होती.

दुपारून गुड्डी झोपली ते उठेचना. अंग थंडगार, घामानं केस चिपकलेले. सासूबाईनं हाका मारल्या, गाल थोपटले, मग ऑटो बलावला. मांडीवर पोरगी घेऊन त्या रामराम करून राहिल्या होत्या. मी बाजूले. रस्त्यात एका मेडिकलवर नजर गेली अन् जशी नेली होती तशी गोष्ट सगळीच वापस आली.

"आई, तुमची गोळी."

"घेतली व मी सकाळूनच. आता माही गोळी कुठं काढतं?"

"गुड्डीनं खाल्ली."

ऑटोवाल्यानं मान वळवून पाह्यलं. सासूबाईनं पाह्यलं. ते पाहणं मी मरेपर्यंत इसरणार नाई. मग ऑटोवाल्यानं असा ऑटो मारला का बोलाले कोणाले येळच नाई भेटला.

डॉक्टरनं सलाइनमधून साखर देल्ली. गुड्डी डोळे उघडून रडली तवा मी जमिनीवर बसून गेली. डॉक्टर म्हणे, "गोळी खाल्ली हे सांगितलंत म्हणून लवकर झालं, नाहीतर आम्ही शोधत बसलो असतो." ह्या बोलण्याकडं कोणाचं ध्यानच गेलं नाई. कारण हे मिलवरून धावत आले, अन् सासूबाई म्हणे, "इले सकाळपासून माहीत होतं."

हे माह्याकडं पाहून म्हणे, "माहीत होतं? मग सांगतलं काहून नाई?"

मी म्हटलं, "सांगतलं होतं."

"कवा सांगतलं? खोटं बोलतं?" सासूबाई ओरडल्या. "पोरीच्या जिवावर उठली अन् वरून खोटं बोलते!"

अन् मले तवा पक्कं वाटलं का सासूबाईनंच माहा गोळी शब्द नेला अन् तिथं साडी ठेवली. मी तसं म्हणून टाकलं. दवाखान्याच्या बाकड्यावर, सगळ्या लोकाइच्या सामने, म्हटलं, "तुमीच नेला." बाया पोरं घेऊन सरकून बसल्या.

त्या रात्रीपासून गुड्डीले माह्याजवळ देल्लं नाई. दुसऱ्या दिवशी ह्याइनं मले अमरावतीच्या बसमधी बसवलं, स्वतः बाजूले बसले, पण मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, एक शब्द नाई. मायच्या दारात पिशवी ठेवली अन् म्हणे, "बरी झाली का फोन करजा." मी बिमार हाय असं तवाच पयल्यांदा कोणं म्हटलं.

तोंडाले स्कार्फ

माय दोन दिवस नुसती पाहत राह्यली. मले हाक मारे, मी वळो, बोलाले तोंड उघडो अन् बंद करो. तिनं मीठमिरची उतरवली, अन् त्यानं काही झालं नाई तं रडत नाई बसली. म्हणे, "हे माही पोरगी नाई. माही पोरगी झोपेत बी बडबड करे. चाल, डाक्टरकडं."

आमच्या अमरावतीत पोरी गाडीवर तोंडाले स्कार्फ बांधतात, उन्हाचा. मी तसा बांधला अन् तो दवाखान्यात बी सोडला नाई. ज्या खोलीसामने लाइन होती तिथं काय लिहिलं हाय ते मी वाचलं होतं, अन् मले वाटे का आता कोणी मेसवालं पोट्टं दिसन, कोणी शाळेतली पोरगी दिसन, अन् सगळ्या गावात होईन. लाइनमधल्या सगळ्याच बाया खाली पाहत होत्या. एकमेकीले ओळख द्यायची नाई, असं जसं काई ठरलं होतं.

डॉक्टर मॅडम होत्या. त्याइनं मले इचारलं, मायनं सांगाले सुरुवात केली. मॅडम म्हणे, "आई, तुम्ही थांबा. तिला सांगू द्या."

मी म्हटलं, "मॅडम, मी बोलते अन्," अन् गेलं.

मॅडमनं कलम खाली ठेवली. घड्याळाकडं नाई पाह्यलं, मोबाइल नाई उचलला, 'बोला, बोला' नाई म्हटलं. नुसत्या बसून राहिल्या. बाहेर लाइन होती, दारात कोणी डोकावून गेलं, तरी बसून राहिल्या. अन् माहं बोलणं आपोआप आलं. मग तं मी सगळंच सांगतलं, साखर, साडी, गोळी, अन् सासूबाई शब्द नेतात ते बी. वाटलं आता हासतील. मायनं तोंडावर हात ठेवला. मॅडम म्हणे, "असं बऱ्याच जणांना वाटतं. बोलणं मधेच तुटणं आणि कोणीतरी ते काढून घेतंय असं वाटणं, हे दोन्ही तुमच्या आजारातून आहे. तुमच्या स्वभावातून नाही."

आजाराचं नाव त्याइनं सांगतलं, ते लांब हाय, मले अजून एका दमात बोलता येत नाई. म्या एकच इचारलं, "मी पागल झाली का?" त्या म्हणे, "आजारी झालीत. औषध आहे." अन् मले बरं वाटाच्या ऐवजी भल्ली शरम आली. टायफाइड असता तं लोक मोसंबी घेऊन येतात. याच्यासाठी कोण काय आणन?

वॉर्डात

भरती केलं. सकाळी चहा यायचा, मग गोळ्या, अन् गोळी गिळली का नाई ते सिस्टर तोंड उघडाले लावून पाहे. आ करून जीभ वर करून दाखवा लागे, लहान पोरावानी. पयले दिवस मी रडो. मग सवय झाली. गोळ्याइनं मान ताठ व्हाये, झोप लय ये, तोंडातून लाळ गळे, उशी ओली. मॅडमले सांगतलं तं त्याइनं गोळी बदलून देल्ली. म्हणून सांगते, लाज धरून लपवू नका, आपल्याले वाटते का हे बी सोसाच लागते. नाई लागत.

सगळ्यात वाईट दुधाचं होतं. गुड्डी अजून अंगावर पीत होती. ती अकोल्यात अन् माहं दूध इथं. छाती दगडावानी झाली, ब्लाउज ओला होऊन जाये अन् वॉर्डात सगळ्या बायाइच्या सामने मी पदर गुंडाळून बसो. बाजूच्या पलंगावर पुष्पाबाई होत्या, परतवाड्याच्या, वयानं मायएवढ्या. त्या दिवसभर भिंतीसोबत भांडत. पण त्या दिवशी भिंतीले म्हणे, "थांब वं जरा, काम हाय," अन् उठून आपला टॉवेल गरम पाण्यात पिळून आणला, माह्या मांडीवर टाकला. म्हणे, "शेक. दोन दिवसानं आटते." मग वापस जाऊन भिंतीले म्हणे, "हा, काय म्हणत होती तू?" मी रडता रडता हासली. किती दिवसानं हासली होती माहीत नाई.

घरचं तं बाहेर पेटलंच होतं. सासूबाईचा मायले फोन, ते ओरडणं मले पलंगावर ऐकू ये.

"तुमी आमाले फसवलं. पोरगी अशी हाय माहीत असून देल्ली."

माय म्हणे, "आमी बडबडी देल्ली होती. मुकी तुमच्या घरी झाली."

"तं आमी काय तिची जीभ कापली?"

"कापली नाई, पण पाह्यली बी नाई. सहा महिने बोलत नव्हती तं तुमी पेढे वाटत होते."

यावर सासूबाईनं फोन ठेवून देल्ला. मले दोघीचं बी वाईट वाटलं. भांडत होत्या दोघी, अन् कारण मी.

हे भेटाले आले तं वॉर्डाच्या जाळीबाहेर उभे. म्हणे, "आईनं गल्लीत टायफाइड सांगतलं." मी मान हलवली. म्हणे, "सुनंदाकाकूनं सांगतलं तिखट खाऊ देऊ नका." मी पुन्हा मान हलवली. मग त्याइनं मोबाइलवर गुड्डीले दाखवलं. गुड्डीनं माह्याकडं पाह्यलं अन् सासूबाईच्या पदरात तोंड लपवलं. पदरातूनच म्हणे, "आई." तिकडं पाहून. मले नाई, सासूबाईले.

हे म्हणे, "लहान हाय. इसरली असन." मग त्याइच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, अन् ते जाळीचा तार नखानं खरडत उभे राह्यले.

सासूबाई आल्या

सुट्टी द्याच्या पयले मॅडमनं घरच्याइले बलावलं. म्हणे त्याइच्याशिवाय घरी पाठवणार नाही. सासूबाई आल्या, नवी साडी, पदरात गुड्डी, तोंड फुगलेलं. गुड्डीले मी हात केला, ती आली नाई.

मॅडम म्हणे, "ती बोलता बोलता थांबली की तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. गप्प राहा. तिला वेळ द्या."

सासूबाई म्हणे, "बापा! मी तं जनमभर सगळ्याइचंच पुरं करत आली. याचे वडील तं बोलाले सुरुवातच करून देत, बाकी मीच बोलो."

हे हासले. मी नाई हासली. मले माहीत होतं का ते गोष्ट मलेच सांगा लागणार हाय, मॅडमनं मले आदल्या दिवशी इचारलं होतं, सांगशील का. मी खाली पाहून म्हटलं, "आई, मले वाटे का तुमी माह्या डोक्यातून," अन् थांबलं. खोलीत पंखा फिरत होता. सासूबाईचं तोंड उघडलं, मॅडमनं हात वर केला, सासूबाईनं तोंड मिटलं. त्याइले ते किती जड गेलं ते मी पाह्यलं. नाकाचे पुडे हलत होते. मग माहं आलं, "शब्द काढून नेता. म्हणून मी तुमच्या हातचा चहा सांडून देओ."

त्याइनं गुड्डीले या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग म्हणे, "मले काय करा लागते व तुहे शबुद? माहेच मले पुरून उरतात."

अन् पदरानं डोळे पुसले. मले वाटलं आता गुड्डीले माह्याजवळ देतील. नाई देल्लं. उठताना मॅडमले म्हणे, "आमी घेऊन जातो. पण पोरगी मी एकटी सोडणार नाई इच्याजवळ. मले गोळी आठवते."

मॅडम म्हणे, घाई नाई.

मलेच तिले माह्याजवळ एकटी सोडावं वाटत नव्हतं.

वापस अकोल्यात

गल्लीतल्या बाया आल्या, मोसंब्या घेऊन. मी टायफाइडवाली बनून त्या खाल्ल्या. गोळ्याइचा डबा आता कपाटावर राह्यते, माह्या बी अन् सासूबाईच्या बी. गुड्डी सासूबाईजवळ झोपे, त्याच आंघोळ घालत, त्याच भरवत. मी त्याच खोलीत, पण एक हात दूर. सासूबाई संडासले जरी गेल्या तं तिले कडेवर घेऊन जात, दाराबाहेर उभी करून आतून हाका मारत, "हायेस का व छकुले?" मले हासू बी येत नव्हतं अन् रडू बी. अंगावरचं दूध वॉर्डातच आटून गेलं होतं, मी नुसती तिचे फ्राक इस्त्री करो. एवढे फ्राक कोणी इस्त्री करते का?

बोलणं आता बी थांबे. पयलेसारखं नाई, पण थांबे. मॅडमनं शिकवलं होतं का थांबलं का लपवाचं नाई, जेवढं डोक्यात राह्यलं असन तेवढ्यानं सांगाचं, 'थांबा, येते'. मले ते म्हणाले लय लाज वाटे. कारण ते म्हटलं म्हंजे सगळ्याइले समजते. तरी म्हटलं. पयल्यांदा ह्याइच्या सामने, मग सासूबाईच्या. सासूबाई एकदम पुतळ्यावानी बसून जात, तोंड घट्ट मिटून, जसं काई ओठातून काही सांडन.

एक दिवस आमी दोघी ओट्याजवळ होतो. गॅसवर दुधाचं पातेलं, सासूबाईची पाठ गॅसकडं, गुड्डी त्याइच्या कडेवर. मले दिसलं का दूध वर येऊन राह्यलं. मी म्हटलं, "आई, दू," अन् गेलं. त्या वळल्या नाई. माह्याकडं पाहत, तोंड मिटून, मान हलवून, 'घे, येळ घे' असं डोळ्यानं सांगत उभ्या. मी म्हटलं, "थांबा, येते." त्या अजून थांबल्या. दूध काठावर आलं, फेस फुगला, अन् चर्र करून सगळं गॅसवर, ओट्यावर, त्याइच्या पायापर्यंत.

मले आठवलं. म्हटलं, "दूध उतू जाऊन राह्यलं."

सासूबाईनं खाली पाह्यलं, वर पाह्यलं. मग अशा हासाले लागल्या का गुड्डी घाबरून रडाले लागली. "अव, बोलता नाई येत तं हात तं दाखव! बोट तं तुह्यं कोनं नेलं नाई!" मले बी हासू आलं, एवढं का पोटात दुखाले लागलं. ओटा पुसता पुसता त्या एकदम थांबल्या. फडकं हातात, पाणी टपटप. म्हणे, "त्या दिवशी बी मी अशीच थांबली असती तं..."

हे वाक्य त्याइचं होतं. म्या पुरं केलं नाई.

जे बाया हे ऐकून राहिल्या त्याइले मी शिकवाले बसली नाई. माही लाज गेली नाई अजून. कोणी सुनेचं कौतुक केलं का ती भल्ली गप्प हाय, तं मी त्या सुनेकडं पाहत राह्यते. तुमच्या घरी कोणी अशी एकाएकी गुणाची झाली असन तं तिले एकदा इचारा, अन् इचारून थांबा. एवढंच मले सांगता येते.

परवा सासूबाईनं पिशवी घेतली, चप्पल घातली, भाजीले चालल्या. गुड्डी खाली चटईवर बसून होती. मी वाट पाहून राहिली का आता त्या तिले उचलतील. त्याइनं उचललं नाई. फाटकाजवळ गेल्या. मी धावत मागं गेली, म्हटलं, "आई, मले," अन् थांबलं. ऊन चटकत होतं. सुनंदाकाकू त्याइच्या दारातून पाहत होत्या. सासूबाई फाटकाले हात लावून उभ्या राह्यल्या, न बोलता, सुनंदाकाकूच्या सामने, माहं येईपर्यंत.

"आई, मले भेव वाटते."

"मले बी वाटते," त्या म्हणे, अन् फाटक लावून गेल्या.

मी आतमधी आली. गुड्डी पाणी मागत होती. म्या देल्लं.